मूळ पुस्तकात दाखव! (अनुभव धागा)

गेल्या रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर कॉलेजची दोन पोरं. पाव गार झाले, तर्री थिजली, तरी यांचं आपलं चालूच: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या बालरॉग राक्षसाला पंख असतात की नसतात? एकानं मोबाइलवर सिनेमातलं चित्र काढून दुसऱ्याच्या नाकासमोर धरलं. दुसरा ढिम्म. म्हणाला, "सिनेमा राहू दे. मूळ पुस्तकात दाखव."

मला एकदम आमचं पंचवटीतलं घर आठवलं. आजी सीता गुंफेकडे निघालेल्या यात्रेकरूंना पाणी द्यायची आणि लक्ष्मणरेषेची गोष्ट रंगवून सांगायची. ओट्यावर बसलेले काका पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "वाल्मीकीत लक्ष्मणरेषा नाही." आजी विचारायची, "तो काय इथं राहायला होता?" की संध्याकाळचा चहा बंद.

तर सांगा, कुठल्या पात्रावरून, कुठल्या काल्पनिक जगाच्या नियमावरून तुम्ही कुणाशी भांडलात? ऐकीव नको, स्वतःचं. गोष्टीचा शेवट फुटला तर फुटला, आता सगळं जुनं झालंय.

निवृत्त_नाशिकरोड

माझं भांडण ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांतल्या पाणबुडीवाल्या कॅप्टन नेमोवरून, आणि ते बेचाळीस वर्षं चाललंय.

भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न आम्ही दोघा मित्रांनी सार्वजनिक वाचनालयातून (१८४० सालचं आपलं वाचनालय, नाशिककर 'सावाना' म्हणतात ते) आळीपाळीनं आणून वाचला. पुढे दोघंही प्रेसमध्ये लागलो, दोघंही निवृत्त झालो. नेमो काही निवृत्त होईना.

ज्यांनी फक्त पाणबुडीची गोष्ट वाचली आहे त्यांना तो कुठल्या देशाचा हे कळतच नाही. ते उलगडतं पुढच्या, गूढ बेटाच्या कादंबरीत. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला, सगळं गमावल्यावर समुद्राखाली गेलेला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्ही दोघं वाचनालयाच्या पायरीवर बराच वेळ गप्प बसून होतो. आपला माणूस निघाला की हो!

पण मित्र हिशेबाचा पक्का. कारकुनी हाडात. त्यानं कागद घेतला. पाणबुडीची गोष्ट घडते १८६६ ते १८६८ मध्ये. बेटावरचे लोक फुग्यातून पळतात १८६५ मध्ये आणि नेमो मरतो १८६८ च्या ऑक्टोबरात. आणि मरण्याआधी बोलण्यात येतं की पाणबुडीच्या गोष्टीतला तो फ्रेंच प्राध्यापक आपल्या बोटीवर आला त्याला सोळा वर्षं झाली. करा वजाबाकी. १८५२! म्हणजे उठाव व्हायच्या पाच वर्षं आधीच हा पाणबुडी घेऊन फिरतोय. मग १८५७ ला लढला कोण?

माझं म्हणणं, लेखकाची चूक, सोडून दे. तो नाही सोडत. आधी म्हणायचा, नेमोला पाण्याखाली कॅलेंडर कुठून मिळणार. मग म्हणाला, नेमो दोन असावेत. मी म्हणालो, अरे, व्हर्नच्या मनात तो आधी पोलंडचा होता, रशियनांवर सूड घेणारा. रशियात पुस्तकं खपणार नाहीत म्हणून प्रकाशकानं अडवलं, आणि पुढे व्हर्ननं त्याला आपला केला. जिथं माणूसच बदलला तिथं तारखांचं काय घेऊन बसलास? यावर तो तीन दिवस फिरायला आला नाही. चौथ्या दिवशी आला तो थेट म्हणाला, "प्रकाशकाचं सांगू नकोस. गोष्टीच्या आतलं कारण दे."

गोष्टीच्या आतलं कारण मला अजून सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर इथं लिहा. मी त्याला माझंच म्हणून सांगेन.

दोन_मुलींची_आई

२००६ साल. मोठी दहावीला. भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर 'आर. ए. बी.' ही अक्षरं निदान चाळीस वेळा. काही ठिकाणी भोवती गोल. एका ठिकाणी प्रश्नचिन्ह आणि खाली 'तोच असणार!!'

माझ्या पोटात गोळा. ह्यांना दाखवलं. ह्यांनी क्लासमधल्या मुलांची यादी मिळवली (कशी ते विचारू नका) आणि आम्ही दोघं रात्री अकरा वाजता 'बी' वरून आडनावं शोधत बसलो. भालेराव, बोरसे, बागूल, भामरे. नाशकात 'ब' नि 'भ' ला काय तोटा! एक बोरसे 'आर' वाला निघालासुद्धा. बिचारा. त्या आठवड्यात तो सायकल पार्क करताना दिसला तरी हे त्याच्याकडे असे बघायचे…

शेवटी धाकटीनं फोडलं. हॅरी पॉटरच्या सहाव्या पुस्तकाच्या शेवटी लॉकेटातल्या चिठ्ठीवर ही सही आहे म्हणे, आणि तो कोण हे सातवं येईपर्यंत कळणार नाही. ताई आणि पुण्याची मावसबहीण रोज फोनवर त्यावर भांडतात. ताईचं म्हणणं तो रेग्युलस ब्लॅकच, कारण डच भाषांतरात 'बी' च्या जागी 'झेड' छापलंय आणि डचमध्ये त्या घराण्याचं आडनाव 'झेड' वरून आहे.

डच! जिला संस्कृतमध्ये साठ पडले होते ती डच भाषांतर पुरावा म्हणून काढते. जुलै २००७ मध्ये सातवं आलं, तिचं खरं ठरलं. बोरशांच्या मुलाला मात्र मी नंतर एकदा दिवाळीचा फराळ दिला. का ते त्याला कळलं नसेल.

दिंडोरीचा_बागाईतदार

आमच्याकडे २०१५ च्या जुलैपासून एकच विषय होता. कटप्पानं बाहुबलीला का मारलं? द्राक्षबागेत पेठ-सुरगाण्याकडची माणसं कामाला असतात, त्यांच्यात पोरं मोबाइलवर बघून आलेली. गोडी छाटणीला एक कारण, थिनिंगला दुसरं, काढणीला तिसरं. कुणी म्हणे जादू केली, कुणी म्हणे तो मेलाच नाही, कुणी म्हणे कटप्पाचाच मुलगा राजा होणार आहे.

एक म्हातारे बाबा होते, सिनेमा न बघितलेले. पोरांकडून सगळी गोष्ट ऐकली आणि एकच विचारलं, "तो गुलाम कुणाचा? माणसाचा का गादीचा?" पोरं म्हणाली, गादीचा. बाबा कात्री पुसत म्हणाले, "मग गादीनं सांगितलं आसंल. त्यात काय?"

२८ एप्रिल २०१७ ला दुसरा भाग आला. ऐन खरड छाटणी आणि बागेत मी एकटा! दुसऱ्या दिवशी पोरं आली ती थेट बाबांकडे गेली. बाबांना आठवतही नव्हतं आपण काय बोललो ते.

व्याकरणाची_बाई

धागा ज्या पंखांवरून निघाला त्याबद्दल. मी शाळेत मराठी शिकवते, आणि हा वाद मी नववीत अलंकार शिकवायला वापरलाय. खरंच.

टॉल्किनच्या १९५४ च्या पुस्तकात बालरॉग येतो तेव्हा आधी म्हटलंय की त्याच्याभोवतीची सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरली. थोड्या ओळींनंतर म्हटलंय की त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले. दुसऱ्या वाक्यात 'सारखे' नाही. सगळं भांडण तेवढ्या एका शब्दावर.

मी फळ्यावर दोन्ही वाक्यं मराठीत लिहिली. पहिलं कोणतं? उपमा. दुसरं? इथं वर्ग फुटला. अर्धे म्हणाले, आधी उपमा देऊन झाली, आता 'सारखे' गाळून थेट सावलीलाच पंख म्हटलं. अर्धे म्हणाले, अलंकार-बिलंकार काही नाही, खरेच पंख आहेत. मागच्या बाकावरचा, जो वर्षभर तोंड उघडत नाही तो, उभा राहून म्हणाला, "बाई, पंख होते तर पूल तुटल्यावर तो पडला कसा?"

"कोंबडीला नसतात का पंख?" पहिल्या बाकावरून उत्तर. त्या तासाला घंटा कधी झाली कळलं नाही. परीक्षेत मात्र उपमेला सगळ्यांनी तेच जुनं 'मुख चंद्रासारखे' लिहिलं. जाऊ दे.

सिडको_सेक्टर

मेहुणा. मे २०१९. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या ड्रॅगनवाल्या राणीचं शेवटी काय होतं ते श्रीखंड वाढताना सांगून टाकलं. आठ सीझन बघितले होते मी. तेव्हापासून त्याच्याशी फक्त हवामानावर बोलतो.

आडगावचा_वाचक

थोडा वेगळा सूर लावतो. डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वं साहित्य संमेलन आपल्या आडगावला झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर. तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण पुस्तकांच्या स्टॉलवर त्यांच्याच कथांची चर्चा होती. तिथं एका अनोळखी काकूंशी माझी जुंपली. माझं म्हणणं होतं की मराठी विज्ञानकथेतल्या कल्पना आठवतात, माणसं आठवत नाहीत. नारळीकरांच्या नायकावरून कुणी जेवण सोडलंय का? ती ड्रॅगनवाली डेनेरिस किंवा 'स्टार ट्रेक'मधला स्पॉक कुणाचा तरी होतो, आपला शास्त्रज्ञ नायक कुणाचाच होत नाही.

काकू म्हणाल्या, "त्यांचं सगळ्यात भारी पात्र तुम्ही विसरलात. नारायण विनायक जगताप."

मी डोकं खाजवलं. कुठल्या कथेतला? त्या हसल्या. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती याच नावानं. नावामुळे परीक्षक भारावू नयेत म्हणून. आद्याक्षरं घ्या, उलटी वाचा: ना. वि. ज. म्हणजे ज. वि. ना. बक्षीस जगतापांना मिळालं.

वरच्या ताईंच्या लेकीला आर. ए. बी. नंतर हे द्यायला हवं होतं.

धागाकर्ता

काकांना सगळे अनुभव वाचून दाखवले. वय ८४, ऐकू कमी येतं, पण नेमोचा हिशेब त्यांनी दोनदा सांगायला लावला आणि म्हणाले, "तो मित्र बरोबर आहे, आतलंच कारण पाहिजे."

मग स्वतःच उठून फडताळातून अरण्यकांड काढलं. मला वाटलं, पुन्हा लक्ष्मणरेषा. पण त्यांनी शूर्पणखेचा प्रसंग उघडला, बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ. लक्ष्मणानं नाक कापलं, कानही कापले. दोन्ही आहे इथं. नाकावरून आपलं नाशिक झालं म्हणतात."

"बरं मग?"

"मग कानाचं गाव कुठंय? विचार त्या पोरांना."