विद्यापीठाचं संग्रहालय बिनपगारी रसिकाच्या हाती द्यावं का?

कोपऱ्यातला मी
नुकतंच बनारस हिंदू विद्यापीठातलं भारत कला भवन पाहिलं. कलासंग्राहक राय कृष्णदासांनी १९२० साली सुरू केलेली ही संस्था; पहिले अध्यक्ष रवींद्रनाथ टागोर. १९५० साली सगळा संग्रह विद्यापीठात गेला, तरी मानद संचालक कृष्णदासच. तिथली लघुचित्रं बघा! जाहिरात देऊन नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हातून ही निवड झाली असती? निविदा उघडेपर्यंत चित्र लंडनला पोचलं असतं. आपल्या विद्यापीठांनीही असा जाणकार शोधून त्याला मानद पद आणि मुख्य म्हणजे खरेदीचे अधिकार द्यावेत. नुसतं सल्लागार समितीवर बसवून चहा पाजू नये.

तिरकस
मानद म्हणजे फुकट. ते परवडतं कोणाला? खानदानी पैसेवाल्यांना. बडोद्याच्या विद्यापीठात १९५२पासून म्युझिऑलॉजी म्हणजे संग्रहालयशास्त्र शिकवतात. तिथून शिकून आलेल्या पोरांनी काय रसिकशेठच्या हाताखाली कंत्राटावर लेबलं चिकटवायची?

शनिवारपेठी
तिरकसराव, पगाराचं पटलं. पण वस्तू येतात कशा? देणारा माणूस बघून देतो. रशियन चित्रकार निकोलस रोरिकची चित्रं १९३०च्या दशकात कला भवनाला मिळाली, तेव्हा ते विद्यापीठाचं नव्हतंच मुळी. कृष्णदासांचा शब्द होता म्हणून मिळाली, असं माझं मत.

तिरकस
मिळवणं वेगळं, चालवणं वेगळं. इतिहाससंशोधक द. ब. पारसनिसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. पारसनीस १९२६ सालीच गेले होते. संग्राहक नसतानाही विद्यापीठीय संस्थेनं तो सांभाळलाच ना? आणि स्वतः संग्राहक असलेला माणूस संचालक झाला, तर चांगलं चित्र दिसल्यावर ते घरी नेणार की संग्रहालयात? कृष्णदासांनी आपलं सगळं संस्थेला दिलं. सगळे देतील?

कोपऱ्यातला मी
हा मुद्दा बिनतोड आहे. मग पद घेताना घरच्या संग्रहाची यादी लिहून घ्या, पदावर असेतो खासगी खरेदी बंद. पण 'सांभाळला' आणि 'वाढवला' यांत फरक आहे हो. डेक्कन कॉलेजातलं ते संग्रहालय पुण्यातल्या किती जणांना माहीत आहे?

नोंदवही
दोघंही खरेदीवरच अडकलात. जुनी वस्तू कुठून आली, कोणी दिली, केवढ्याला घेतली, हे पहिल्या दिवशी नोंदवहीत चढवायला पगारी माणूस लागतो. रसिकाच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबरच जाते. आधी नोंदणी अधिकाऱ्याची जागा भरा, मग मानद संचालक शोधा.

शनिवारपेठी
जागा भरा म्हणे! आमच्याकडे प्राध्यापकांच्याच भरत नाहीत.