मदत हवी आहे: जुन्या स्प्लेंडरचा डावा स्विच जमेना

मंडळी, वडिलांची १९९८ची स्प्लेंडर आहे, अंबाजोगाईला. मागं कुणीतरी हँडलच्या डावीकडं भलत्याच गाडीचा हॉर्न-इंडिकेटरचा स्विच बसवलाय, उजवीकडचा मूळचाच. आता हॉर्न दाबला की उजवा इंडिकेटर मिणमिणतो. हेडलाइट खोलून पाहिला: गाडीकडून नारंगी, आकाशी, राखाडी, फिकट हिरवी वायर येते, स्विचच्या वायरींचे रंग निराळेच, अन् जोडांवर चक्क सेलोटेप!

लातूरला दुकानदार नव्या मॉडेलची डाव्या-उजव्या स्विचची जोडी गळ्यात मारायला बघतो. पण २०१७ नंतरच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटणच नसतं, अन् आपला हेडलाइट बॅटरीवर नाही, मॅग्नेटोवर (इंजिन फिरताना थेट वीज बनवणाऱ्या भागावर) चालतो. मग ती कशी चालायची?

जुना डावा स्विच लातूर-नांदेडकडं कुठं मिळेल? नाहीच मिळाला तर मल्टीमीटरनं कंटिन्युइटी (बटण दाबल्यावर आतून कुठल्या वायरी जुळतात ते) बघून, रंग न पाहता वायरी जोडाव्यात का? मूळ वायरिंग मात्र कापायचं नाही.