डिश एंडच्या गोल पृष्ठभागावर बॉस लंब कसा बसवावा?

प्रश्न

नमस्कार. दूध साठवण्याच्या टाकीचे मॉडेल मी सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करत आहे. वरच्या डिश एंडचा (टाकीच्या फुगीर झाकणाचा) बाहेरचा व्यास १२०० मिमी, क्राउनची (मधल्या गोल भागाची) त्रिज्या १२०० मिमी आणि नकलची (कडेच्या जास्त वळलेल्या भागाची) त्रिज्या १२० मिमी आहे. तिन्ही मापे बाहेरून घेतलेली आहेत. टाकीच्या अक्षापासून ३५० मिमीवर तापमानाच्या सेन्सरसाठी ६० मिमी व्यासाचा बॉस (सेन्सर बसवायचा जाड गोल तुकडा) वेल्ड करायचा असून तो पृष्ठभागाला लंब हवा आहे. बॉसचा सपाट तळ आणि डिशचा गोल फेस यांत टँजंट मेट (दोन फेस एकमेकांना स्पर्श करत ठेवणारी जोडणीची अट) दिला की बॉस डिशला टेकतो खरा, पण माउसने ओढताच तो सगळ्या डिशवर फिरतो आणि स्पर्शबिंदू तळाच्या मध्यावर न राहता कडेकडे सरकतो. अंतराचे आणि कोनाचे मेट वाढवत गेलो, तर ते एकमेकांशी भांडू लागले. शेवटी बॉस फिक्स करून ठेवला आणि नंतर क्राउनची त्रिज्या बदलली, तेव्हा तो निम्मा पत्र्यात शिरलेला दिसला. असे मेट्स कोणत्या क्रमाने द्यावेत?

उत्तर १

अडचण मेट्सच्या क्रमाची नाही. सुट्या भागाला हालचालीच्या सहा मुभा असतात आणि सपाट फेस गोलाला टँजंट केल्याने त्यांतली केवळ एक जाते, म्हणजे गोलाच्या केंद्रापासूनचे अंतर ठरते. उरलेल्या पाच मुभांपैकी एकीलाही तो मेट हात लावत नाही, त्यामुळे बॉस फिरणारच. म्हणून वक्र फेसला भाग चिकटवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि त्या जागेचा बिंदू, तिथली लंबाची दिशा आणि स्वतःभोवतीचे वळण या तीन गोष्टी टाकीच्या मॉडेलमध्येच आधी आखून घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

तुमच्या डिशमध्ये हे सोपे आहे, कारण क्राउन हा गोलाचा तुकडा आहे आणि गोलावरचा प्रत्येक लंब त्याच्या केंद्रातूनच जातो. टाकीच्या अक्षातून जाणारे आणि बॉस ज्या दिशेला हवा त्या दिशेचे एक प्लेन घ्या. त्यावर स्केच उघडून क्राउनच्या केंद्रापासून बाहेरच्या कमानीपर्यंत एक रेषा काढा आणि तिच्या वरच्या टोकाला अक्षापासून ३५० मिमी हे माप द्या. ही रेषा अक्षाशी जवळजवळ १७ अंशांचा कोन करील, पण तो कोन हाताने टाइप करू नका. त्रिज्या बदलली की तो आपोआप बदलायला हवा. रेषेच्या टोकाशी तिला लंब असे दुसरे प्लेन तयार करा. मग असेंब्लीत (सगळे भाग एकत्र जोडलेल्या मॉडेलमध्ये) तीनच मेट्स लागतात: बॉसचा अक्ष त्या रेषेवर, बॉसचा तळ त्या लंब प्लेनवर आणि बॉसचे मधले प्लेन अक्षातून जाणाऱ्या प्लेनला समांतर. तिसरा मेट अनेक जण विसरतात आणि मग सेन्सरच्या केबलचे तोंड प्रत्येक ड्रॉइंगमध्ये वेगळ्या दिशेला दिसते.

असे बॉस चार-पाच असतील, तर प्रत्येक जागी कोऑर्डिनेट सिस्टिम (एक मूळबिंदू आणि तीन अक्ष) ठेवावी आणि बॉसच्या कोऑर्डिनेट सिस्टिमशी, अक्ष जुळवण्याचा पर्याय निवडून, कोइन्सिडंट (एकावर एक जुळवणारा) मेट द्यावा. एकाच मेटमध्ये सहाही मुभा जातात.

मात्र बॉस क्राउनवरच आहे ना, हे एकदा तपासा. तुमच्या मापांप्रमाणे क्राउन अक्षापासून साधारण ५३३ मिमीपर्यंत जाते. त्यापलीकडे नकल सुरू होते आणि तिथला लंब नकलच्या कमानीच्या केंद्रातून काढावा लागतो.

उत्तर २

वरील पद्धत योग्यच आहे. मी फ्रीकॅड हे तशाच कामाचे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. तिथे फेस आणि त्यावरचा एक बिंदू निवडून स्केच त्या ठिकाणी पृष्ठभागाला टँजंट जोडता येते. ज्या पृष्ठभागाला केंद्रच नसते, उदाहरणार्थ लॉफ्टने (वेगवेगळे छेद जोडून) केलेले फायबरचे आवरण, तिथे याचा खरा उपयोग होतो. पण १.० च्या आधीच्या आवृत्त्यांत मॉडेलमध्ये बदल केला की फेसचे क्रमांक बदलत आणि जोडलेले स्केच भलत्याच फेसवर जाऊन बसे. आता हा त्रास बराच कमी झाला आहे, तरीही शक्य असेल तिथे मी स्वतः आखलेल्या स्केचलाच भाग बांधतो.

उत्तर ३

मी फॅब्रिकेशनच्या बाजूने एक गोष्ट जोडू इच्छितो. मॉडेलमध्ये बॉस अचूक बसला तरी फिटर डिशवर खूण करताना मोजपट्टी पत्र्यावरूनच धरतो. अक्षापासून सरळ ३५० मिमी म्हणजे डिशच्या मध्यबिंदूपासून पत्र्यावरून ३५५ मिमी होतात. ड्रॉइंगवर नुसते ३५० लिहिले, तर भोक पाच मिमी आत पडते, म्हणून दोन्ही मापे द्यावीत आणि कोणते कशावरून घेतले आहे तेही लिहावे.

बॉस लंब असेल, तर ६० मिमीच्या सपाट तळाच्या कडेला जेमतेम ०.४ मिमी फट राहते आणि ती वेल्डमध्ये सहज भरते. तोच बॉस टाकीच्या अक्षाला समांतर ठेवला, तर तळाखाली पत्र्याचा चढ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १८ मिमी पडतो आणि तळ तिरका कापल्याशिवाय गत्यंतर नसते. पाइपच्या बाबतीत तर लंब बसवूनही भागत नाही: १६८.३ मिमी बाहेरच्या व्यासाच्या पाइपवर हाच सपाट तळ ठेवला, तर दोन बाजूंना ५.५ मिमी फट दिसेल. तिथे बॉसचा तळ पाइपच्या पृष्ठभागानेच कापून खोगिराच्या आकाराचा करावा लागतो.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. केंद्रातून रेषा काढून तीन मेट्स दिले. त्यानंतर क्राउनची त्रिज्या १२०० वरून १००० मिमी केली, तेव्हा बॉस डिशबरोबर खाली-वर आणि तिरका होत नेमका पृष्ठभागावरच राहिला. कोन स्वतःहून साडेवीस अंश झाला. ड्रॉइंगवर पत्र्यावरचे माप आज संध्याकाळी घालतो.