आईला बसने फिजिओथेरपीला पाठवायचंय, पण आमच्या काउंटीत बस सापडेना (आयोवा)

नमस्कार मंडळी,

सहा महिन्यांपूर्वी आम्ही आयोवातल्या एका लहानशा गावात राहायला आलो. एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला सोयाबीन, मध्ये आमचं घर. दवाखाना, किराणा, लायब्ररी सगळं काउंटी सीटला (काउंटीच्या मुख्य गावाला), म्हणजे १४ मैलांवर. आई (वय ७१) आमच्याकडेच असते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि पुढचे दोन महिने आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी आहे. ती गाडी चालवत नाही. नवऱ्याची शिफ्ट, माझी नोकरी. आतापर्यंत रजा टाकून निभावलं, आता रजाही संपल्या.

इथे बस आहे म्हणतात. रस्त्यावर अधूनमधून एक पांढरी मिनीबस दिसतेही. पण थांबा नाही, पाटी नाही, वेळापत्रक नाही. फिजिओच्या रिसेप्शनवर विचारलं तर म्हणाले, पॅराट्रान्झिटचा फॉर्म भरा, डॉक्टरांची सही आणा. सही आणली, फॉर्म पाठवला, आणि तीन आठवड्यांनी कळलं की तो ६० मैलांवरच्या शहराचा फॉर्म होता. तुम्ही आमच्या हद्दीत येत नाही, विषय संपला.

आईचं वेगळंच. "मी फाट्यावर उभी राहते, हात केला की थांबेल ना!" जन्मभर एसटीने फिरलेली बाई आहे, तिला थांबवताना माझीच दमछाक होते.

तर प्रश्न असा, की ही पांढरी बस नक्की कुणाची आणि तिच्यात बसायचं कसं? आई वॉकर घेऊन चालते, पायऱ्या चढता येत नाहीत. इंग्रजी जेमतेम. ग्रीनकार्डाला दोनच वर्षं झालीत, त्यामुळे मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा), मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा) काही नाही. कुणी अशा भागात राहिलंय का?

---

जुना_टपाल:
मेडिकेड असतं तर दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय त्यातून झाली असती. ते तुमच्याकडे नाही, तेव्हा तो रस्ता सोडा. साध्या मेडिकेअरचाही उपयोग नव्हता, ते अँब्युलन्स सोडली तर अशा खेपांचे पैसे देत नाही. २११ ला (स्थानिक मदतीची माहिती देणारी हेल्पलाइन) फोन करून काउंटीत कोण काय चालवतं ते विचारा. आमचं काम तिथूनच झालं होतं.

---

पाऊलवाट:
ताई, तुम्हाला चुकीच्या दारात उभं केलं. मी दुसऱ्या राज्यात अशाच एका ग्रामीण बससेवेच्या ऑफिसात डिस्पॅचला (गाड्यांच्या खेपा लावण्याच्या कामावर) चार वर्षं होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पॅराट्रान्झिट हा १९९० च्या अपंग हक्क कायद्यातला (एडीए) प्रकार. जिथे ठरलेल्या मार्गावर बस धावते, तिथे त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंत, अपंगत्वामुळे ती बस वापरता न येणाऱ्यांसाठी वेगळी गाडी द्यावी लागते. फॉर्म, सही, पात्रता सगळं त्यासाठी. तुमच्या काउंटीत ठरलेला मार्गच नसेल तर पाऊण मैल मोजायचा कुठून? तुमची पांढरी बस बहुधा 'डिमांड रिस्पॉन्स' आहे. म्हणजे आदल्या दिवशी फोन करायचा, कुठून कुठे आणि किती वाजता ते सांगायचं, गाडी दारात येते. थांबा म्हणजे तुमचं दार, म्हणून पाटी दिसत नाही!

ही गाडी फक्त म्हाताऱ्यांची किंवा अपंगांची असते असा इथल्या लोकांचाही समज असतो, कारण आत बहुतेक तेच बसलेले दिसतात. आयोवात १६ प्रादेशिक बससेवा आहेत आणि शहरांच्या सेवा धरून राज्याच्या सगळ्या ९९ काउंट्यांत कुठली ना कुठली गाडी पोचते. प्रादेशिक सेवा सर्वांसाठी खुल्या आहेत. ५०,००० पेक्षा कमी वस्तीच्या भागांसाठी केंद्राचा ५३११ नावाचा निधी असतो, तो सर्वसाधारण प्रवाशांच्या सेवेसाठीच आहे. त्यामुळे साध्या खेपेला डॉक्टरांची सही लागायला नको.

पायऱ्यांचं: गाडीला लिफ्ट असते आणि ती फक्त व्हीलचेअरसाठी नाही. वॉकरवाल्यांना पायऱ्या चढता येत नसतील तर लिफ्टवर उभं राहून चढता येतं. नुसतं मागावं लागतं. ड्रायव्हर नवा असेल तर कुरकुर करेल, तरी मागा. फोनवरच 'वॉकर आहे, लिफ्ट लागेल' असं नोंदवून ठेवा.

खरी गोची परतीची असते. जाताना वेळ ठरलेली, पण फिजिओ कधी वीस मिनिटं लांबते. म्हणून परतीचं 'विल-कॉल' मिळतं का विचारा, म्हणजे काम झालं की फोन करायचा. ते नसेल तर परतीची वेळ थोडी उशिराचीच घ्या. आणि दोन महिन्यांच्या सगळ्या तारखा एकदम देऊन कायमचं बुकिंग करून टाका. यायचं नसेल तर वेळेत रद्द करा, सारखे 'नो-शो' झाले की गाडी बंद करतात.

---

भाकरीचा_चंद्र:
आईंना सांगा, तिथे कंडक्टरही नसतो, डबल बेल द्यायला कुणी नाही 😄

अर्ध्या तिकिटाबद्दल त्यांनी विचारलं असेलच.

---

धागाकर्ती:
विचारलं! "बायकांना अर्धं नाही? मग पंचाहत्तरीनंतर तरी फुकट का?" २०२३ पासून एसटीने फारच लाडावून ठेवलंय.

---

पाऊलवाट:
ज्येष्ठांना अर्धं तिकीट हा नियम इथेही आहे, पण तो शहरी निधी घेणाऱ्या बससेवांना आणि तोही गर्दी नसलेल्या वेळेपुरता. ग्रामीण सेवांवर ती सक्ती नाही. काही आपणहून सवलत देतात, तेव्हा विचारा.

---

उत्तरायण:
एरिया एजन्सी ऑन एजिंगलाही (ज्येष्ठांना मदत करणारी त्या भागातली संस्था) गाठा. १९६५ च्या ओल्डर अमेरिकन्स ॲक्टखाली ६० वर्षांवरच्यांसाठी पैसे असतात, त्यातून बऱ्याच ठिकाणी प्रवासाची मदत होते. त्यासाठी उत्पन्नाची अट घालत नाहीत, ऐच्छिक वर्गणी मागतात. काही काउंट्यांत स्वयंसेवक आपल्या गाडीने नेतात. पण भरवशाचं म्हणाल तर बसच, कारण आमचा स्वयंसेवक आजोबा हिवाळा लागला की ॲरिझोनाला जायचा.

---

धागाकर्ती:
अपडेट. पाऊलवाट, तुमचं तंतोतंत खरं निघालं. २११ वरून नंबर मिळाला, फोनवर दहा मिनिटांत आईचं नाव नोंदलं, ना फॉर्म ना सही. भाषेचं मी एका कार्डावर लिहून दिलंय: घरचा पत्ता, दवाखान्याचा पत्ता, माझा नंबर, आणि मोठ्या अक्षरांत 'लिफ्ट प्लीज'.

काल पहिली खेप झाली. गाडी सांगितल्यापेक्षा बारा मिनिटं आधी आली आणि आईची चप्पल सापडेना, त्यात ड्रायव्हरबाई पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाहीत, हे लिहून ठेवा कुणी वाचत असेल तर. वाटेत आणखी दोन आज्यांना घेतलं, त्यामुळे १४ मैलांना पाऊण तास लागला. आईला त्याचं काही नाही, तिला खिडकी मिळाली होती.

विल-कॉल मात्र आमच्याकडे नाही. परतीची वेळ अर्ध्या तासाने पुढे घेतलीय.

आता एकच अडकलंय. बस सोमवार ते शुक्रवारच असते आणि फिजिओवाल्यांनी पुढच्या महिन्यात दोन खेपा शनिवारी टाकल्यात. तारखा बदलून मिळतील का ते उद्या विचारते. शनिवारसाठी कुणाला काही सुचत असेल तर सांगा.