नेझलन्सचा आकडा मराठी बोलणाऱ्या मुलासाठी कशाशी ताडून पाहावा?

प्रश्न (वाचाउपचार विद्यार्थिनी, पुणे)

नमस्कार. टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे मूल्यमापन मी सध्या शिकत आहे. इंदापूर भागातून आलेल्या सहा वर्षांच्या एका मुलाचे बोलणे आम्हा सर्वांना स्पष्टपणे गेंगाणे वाटले, परंतु बोलण्याच्या आवाजातला नाकाचा वाटा मोजणाऱ्या नेझोमीटर या यंत्रावर त्याचा नेझलन्स (म्हणजे तो वाटा) २९ टक्के आला. इंग्रजीतील ‘झू पॅसेज’ या ठरावीक उताऱ्यासाठी कुठे २६, तर कुठे ३२ ही सीमा (तिच्या वर गेल्यास बोलणे गेंगाणे) धरलेली आढळते. मुलाला इंग्रजी येत नसल्याने त्याच्याकडून साधी मराठी वाक्ये म्हणून घेतली होती. हा आकडा कशाशी ताडावा, आणि कान व यंत्र यांचे जुळत नसेल तर कोणाचे मानावे?

उत्तर १ (वाचाउपचारतज्ज्ञ, कोथरूड)

नेझोमीटरची पट्टी नाकाखाली, वरच्या ओठावर आडवी टेकते आणि तिच्या वर एक व खाली एक असे दोन मायक्रोफोन असतात. नाकावाटे आलेल्या ध्वनिऊर्जेला नाक आणि तोंड यांच्या एकत्रित ऊर्जेने भागून शंभराने गुणले, की नेझलन्स मिळतो. म्हणजे मृदुतालू (टाळूचा मागचा मऊ भाग) किती उचलला जातो हे यंत्र पाहतच नाही. ते केवळ ध्वनीचे प्रमाण सांगते, आणि ते प्रमाण मुलाने काय म्हटले यावर फार अवलंबून असते. ‘झू पॅसेज’मध्ये एकही अनुनासिक (न, म यांसारखे नाकातून उच्चारले जाणारे) व्यंजन नाही, म्हणून निर्दोष बोलणाऱ्या इंग्रजी भाषकांची सरासरी तिथे १५-१६ च्या आसपास येते, नेहमीसारखे न, म असलेल्या ‘रेनबो पॅसेज’वर तीच माणसे ३५ च्या घरात जातात, तर अनुनासिकांनी भरलेल्या वाक्यांवर ६० च्या. तुमच्या वाक्यांत ‘माझे नाव’ यासारखे शब्द असतील, तर २९ ला २६ किंवा ३२ ची सीमा लावण्यात काहीच अर्थ नाही.

त्यामुळे वाक्ये निवडून घ्या: ‘काकूचा कुत्रा ओट्यावर बसला’, ‘बाबा, पिवळी पपई कापा’. ‘पंखा’, ‘आंबा’ यांतला अनुस्वार पूर्ण अनुनासिक उच्चारला जातो, म्हणून असे शब्द टाळावेत; ‘केलं’, ‘झालं’ यांच्या शेवटचा अनुस्वार मात्र आपल्याकडच्या बोलण्यात नाकात जात नाही. निवड लिपी पाहून नव्हे, उच्चार ऐकून करावी. स्वरांकडेही लक्ष असू द्या, कारण ‘आ’पेक्षा ‘ई’वर नेझलन्स जास्त येतो.

उत्तर २ (कान-नाक-घसा तज्ज्ञ)

निदानात कानाचा निर्णय आधी, यंत्राचा त्याच्या जोडीला. मुलाला त्या दिवशी सर्दी होती का, किंवा ॲडेनॉइड (नाकामागच्या ग्रंथी) वाढलेले आहेत का, हे अवश्य पाहा. पावसाळ्यात आपल्या ओपीडीत निम्मी मुले नाक चोंदलेली येतात, आणि नाक बंद असले की टाळू नीट मिटत नसतानाही आकडा खाली येतो. उलट ‘स’ किंवा ‘प’ म्हणताना नाकातून हवा फुसकन सुटत असेल, तर त्या आवाजानेच आकडा फुगतो. नाकाखाली छोटा आरसा धरून ‘पापा’, ‘काका’ म्हणायला लावा आणि त्यावर वाफ धरते का ते पाहा. मग नाकपुड्या चिमटीत धरून तेच शब्द पुन्हा म्हणायला सांगा. नाक बंद केल्यावर आवाज बदलला, तर स्वरांचा ध्वनी नाकात जात आहे असे समजावे. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय मात्र नेझोएंडोस्कोपीत (नाकातून दुर्बीण घालून) किंवा व्हिडिओफ्लुरोस्कोपीत (हलत्या क्ष-किरण चित्रात) टाळू आणि घसा यांमधली फट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कधीही घेऊ नये.

उत्तर ३ (वाचाउपचारतज्ज्ञ, सिंहगड रस्ता)

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. मोजणीआधी यंत्राचे कॅलिब्रेशन (माप बरोबर जुळवलेले आहे का) तपासावे, पट्टी चेहऱ्याशी काटकोनात आहे याची खात्री करावी आणि तीच वाक्ये पुन्हा म्हणून घ्यावीत. दोन मोजण्यांत चार-पाच टक्क्यांचा फरक आला, तर त्याला सुधारणा किंवा बिघाड म्हणू नये. शक्य असल्यास त्याच वयाच्या, बोलण्याची कोणतीही तक्रार नसलेल्या आणि घरी तशीच मराठी बोलणाऱ्या मुलांकडून, पालकांची संमती घेऊन, हीच वाक्ये त्याच यंत्रावर म्हणून घ्या. या मुलाचा आकडा त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचता येईल.