आखाड तोंडावर आलाय, ७ नरांपैकी पैदाशीला कोणता ठेवू?

माळरान_जुन्नर
नमस्कार मंडळी. घरामागे गावरान कोंबड्या आहेत, १२ माद्या आणि एक जुना कोंबडा, तो आता चौथ्या वर्षात गेलाय आणि त्याच्याकडनं अंडी नीट भरत नाहीत, मागच्या वेळी अंड्यांवर बसवलेल्या खुडूक कोंबडीखालची निम्मी अंडी कोरी निघाली. माघातल्या पिल्लांत ७ नर निघालेत, आता साडेचार महिन्यांचे झाले, आणि ५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या माद्या) आहेत, सगळी त्या जुन्या कोंबड्याचीच. गिऱ्हाईक आत्तापासून घरी येतंय आणि सगळ्यांना एकच तांबडा नर पाहिजे, तो दोन किलोला आलाय, बाकीचे सव्वा-दीडचे. वडील म्हणतात चांगला पैसा येतोय तर देऊन टाक, मागे राहतील त्यातला एक ठेवू. मला ते पटत नाहीये. बाकीच्यांत एक काळा-सोनेरी आहे, उंच आणि चपळ, आणि एक कवड्या आहे तो आत्ताच पोरांच्या अंगावर धावतो. एवढ्या लहान वयात नर ओळखता येतो का? आणि घरचाच ठेवला तर तलंगांचं काय, भाऊ-बहीण होतात ना?

खुराडं_पाटण
दादा, पहिलं म्हणजे वडिलांना समजावा आणि तीन नर बाजूला काढा, आखाड संपेपर्यंत कुणी कितीही देऊ देत, ते द्यायचे नाहीत. आपल्याकडे सगळ्यात भरलेला नर आखाडात जातो, नाहीतर जत्रेला, नाहीतर पाहुणा आला की जातो, आणि पैदाशीला राहतो तो कुणी न मागितलेला. एक वर्ष काही जाणवत नाही पण चार-पाच पिढ्या असंच चाललं की कळप बारका होतो, पिल्लं जगत नाहीत, आणि मग लोक म्हणतात आता गावरान पहिल्यासारखी राहिली नाही. अहो दमदार नर तर आपणच दरवर्षी विकतोय. १२ कोंबड्यांत एकच नर असला की पुढच्या सगळ्या पिल्लांचं अर्धं रक्त त्या एकट्याचं, मादी चुकीची निघाली तर तिच्यापुरतं, नर चुकीचा निघाला तर आख्खं खुराडं.

आता बघायचं कसं. रात्री खुराड्यात शांत बसलेला असताना धरा, दिवसा पळवून धरला की तो धापा टाकतो आणि श्वासाचं काही कळत नाही. एका हातात पाय धरा आणि दुसऱ्या हाताचं बोट छातीच्या हाडावरून वरपासून खालपर्यंत फिरवा, हाड सरळ लागलं पाहिजे, वाकडं असेल तर तो बाद, मग रंग कितीही देखणा असू दे. चोच वरखाली बरोबर मिटते का बघा, बोटं सरळ आहेत का, शेपूट एकीकडे कललेली नाही ना. सकाळी मोकळा सोडल्यावर समोरून चाल बघा, गुडघे एकमेकांना घासत असतील तर तो माद्यांवर नीट चढणारच नाही. डोळा ठसठशीत, तुरा लाल, घुरघुर नाही. तुरा कुणाचा आधी लाल झाला, आरवायला आधी कोण लागला हेही आठवून बघा, लवकर वयात येणारा नर मला आवडतो.

पशुधन_परभणी
वरचं सगळं बरोबर आहे, पण तांबड्याबद्दल एक विचारतो, त्याची आई कोण? एकाच वयात भावांपेक्षा अर्धा किलो जास्त म्हणजे मला शंका येते की आई सरकारी योजनेतली किंवा हॅचरीतून आणलेली रंगीत कोंबडी असणार. वनराज, ग्रामप्रिया या जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वेगवेगळ्या वंशावळींचा संकर करून केल्यात, गिरिराज बंगळूरची. पक्षी चांगलेच आहेत, वजन देतात, पण त्यांची पिल्लं एकसारखी निघत नाहीत आणि खुडूक बसायचा गुण कमी होत जातो. तुमची पिल्लं कोंबडीखालीच काढायची असतील तर हे महत्त्वाचं आहे. मग तांबडा खुशाल विका.

दुसरं, अंड्याचा गुण नरात दिसत नाही पण तो मुलींना देतो. म्हणून नर बघताना त्याची आई बघायची. कोणती कोंबडी जास्त अंडी घालते, वेळेवर खुडूक होते, पिल्लं घारीपासून वाचवून मोठी करते हे घरात आईला पक्कं माहीत असतं, तिला विचारा. पुढच्या वेळेपासून त्या कोंबडीच्या अंड्यांवर पेन्सिलने खूण करा आणि पिल्लांच्या पायात रंगीत दोरा बांधा, वाढतील तसा सैल करत जा नाहीतर पायात रुततो.

भाऊ-बहिणीचं म्हणाल तर सख्ख्यांच्या पिल्लांत २५ टक्के अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातलं रक्त) येतं, बाप एक आणि आया वेगळ्या असल्या तर साडेबारा. बाप-लेकीचंही २५. याने अंड्यातच पिल्लू मरणं वाढतं, निघालेली मरतुकडी राहतात. जुन्या माद्यांवर घरचा नर चालेल, फक्त त्याची स्वतःची आई त्यात नको. तलंगांना मात्र बाहेरचा नर आणा.

लाल_माती
कवड्या नको. आमच्या सिंधुदुर्गात वाडीभर कोंबड्या मोकळ्या असतात आणि पोरंही तिथेच खेळतात, माणसावर धावणाऱ्या नराची पिल्लंपण बऱ्याचदा तशीच निघतात, आर (पायामागचा टोकदार काटा) वाढली की डोळ्याला इजा होऊ शकते. दुसऱ्या कोंबड्याशी भांडला तर भांडू दे, ते वेगळं.

मी तर नर खाण्यावरून ओळखते. मूठभर तांदूळ टाकायचे आणि बघायचं, एखादा स्वतः आधी न खाता कुटकुट करून माद्यांना बोलावतो, तो ठेवायचा. घार दिसली की ओरडून इशारा देतो का, संध्याकाळी सगळ्या आत गेल्यावर शेवटी जातो का, हे चार-सहा आठवडे रोज बघितलं की कळतं, एका दिवसात नाही कळत. साडेचार महिन्यांच्या पोरवयात सगळेच माद्यांच्या मागे लागतात त्यावरून काही ठरवू नका. खुराडंदादा, लवकर वयात येण्याचं मला तितकंसं पटत नाही हो, आमच्याकडे उशिरा भरणारे नरच पावसात टिकले आहेत.

माळरान_जुन्नर
ताई, दादा, डॉक्टर खूप आभार. तांबड्याची आई योजनेतलीच आहे, बरोबर ओळखलंत. काळा-सोनेरी आमच्या कापशी कोंबडीचा, ती गेली तीन वर्षं पिल्लं वाढवतेय आणि आई म्हणते तिच्यासारखी दुसरी नाही. त्याचं छातीचं हाड काल रात्री बघितलं, सरळ आहे. आता ओतूरला मावसभावाकडे गावरान नर आहे, आमचा एक देऊन त्याचा एक आणायचं ठरतंय. लगेच सोडला तर चालेल का?

पशुधन_परभणी
लगेच नको. आणलेला नर तीन आठवडे वेगळा, शक्यतो त्याच्याकडचा वारा आपल्या कोंबड्यांकडे येणार नाही अशा बाजूला, त्याचं पाणी-भांडं वेगळं, आणि आपल्या कोंबड्यांचं सगळं आवरून मग शेवटी त्याच्याकडे जायचं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दोन्हीकडच्या पक्ष्यांना झालीये का खात्री करा, मोठ्या पिल्लांना त्याचीच आर-टू-बी ही लस दिलेली हवी, आणि जंताचं औषध द्या. पंखाखाली उवा बघा.

तेवढ्यात जुना कोंबडा काढून टाका, कारण त्याचं वीर्य कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, त्याआधी धरलेली अंडी कुणाची ते सांगता येणार नाही. नवा सोडल्यावरही आणखी तीन आठवडे अंडी खायला वापरा. मग साधारण ८-१० माद्यांमागे एक या हिशोबाने कापशी आणि सगळ्या तलंगा ओतूरच्या नराकडे, बाकी जुन्या माद्या काळ्या-सोनेरीकडे, जागा असेल तर मधे जाळी लावून. तुमचा नर सात-आठ महिन्यांचा झाला की भाद्रपद-आश्विनात पहिली खुडूक बसवा, सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे मोबाईलचा टॉर्च धरा, लाल शिरा दिसल्या तर अंडं भरलंय. दहातली आठ भरली तर नर पक्का. नाहीतर बाजूला ठेवलेला दुसरा आहेच, म्हणून तोही तोवर विकू नका.