मदत हवी आहे : जीसीसीच्या बूटस्ट्रॅपमध्ये तुलना दर वेळी वेगळ्याच फाइलवर फसते

सप्रेम नमस्कार. नागपुरात आम्ही काही मित्र तयार जीसीसी (सी, सी प्लस प्लस वगैरे भाषांतील स्रोताचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर) न वापरता टीसीसी या छोट्या सी कंपायलरपासून सुरुवात करून जीसीसी ४.०.४, मग ४.७.४ आणि त्यावरून १०.५ अशा क्रमाने कंपायलर स्रोतापासून उभारत आहोत. ४.८ पासून जीसीसीच्या बांधणीला सी प्लस प्लस कंपायलर लागतो, त्यामुळे मधली ४.७ ची पायरी आम्ही मुद्दाम ठेवली आहे.

अडचण १०.५ ला येते. बूटस्ट्रॅपमध्ये जीसीसी तीन टप्प्यांत स्वतःलाच पुन्हा बांधतो; त्यातील दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातील ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल होऊन तयार झालेले तुकडे) तंतोतंत जुळायला हव्यात. आमच्याकडे त्या जुळत नाहीत, आणि न जुळणारी फाइल दर वेळी निराळी असते. दोष ४.७.४ मध्ये असता तर बहुधा तीच फाइल पुन्हा पुन्हा अडली असती, म्हणून माझा संशय रॅमवर किंवा तापलेल्या प्रोसेसरवर आहे (इथल्या मे महिन्यात यंत्राने तरी किती सोसावे!). मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवूनही दोष दिसला नाही, पण रात्रीचा गारवा पाहता त्यावर मी फारसा विसंबत नाही.

मेकची (बांधणी चालवणाऱ्या साधनाची) समांतर कामे एकावर आणून पाहणे पुरेसे ठरेल का, की आधी रॅमची एकेक पट्टी काढून तपासावी? असा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.